नऊ इंच

ई वॉर्ड, शाहूपुरी. गुळाच्या जुन्या पेठेमागची गल्ली.
टेपचं शून्य इलाहीमामांच्या अंगठ्याखाली,
आकडे माझ्याकडे.
मी मोठ्यानं वाचते,
कारण मामांना कमी ऐकू येतं
आणि बिल्डरच्या माणसाला माझं अक्षर लागत नाही.

जोतं साडेतीन फूट, काळा दगड,
टाकीचे घाव बोटानं मोजावेत इतके ताजे.
एकोणीसचा पूर चौथ्या पायरीला थांबला,
एकवीसचा उंबऱ्याला.
"आत नाही आलं पाणी," मगदूमवहिनी म्हणतात,
आणि मग चहा ठेवता ठेवता,
"आलं हुतं, पर घोट्याएवढंच."

खाली गोदाम, फळ्यांचं दार.
वर राहतं घर, बिडाच्या चार खांबांवर पुढे आलेला सज्जा.
अगदी वर, गिलाव्यातला अर्धा उगवलेला सूर्य,
त्याच्या पोटात १९३६.
किरण मोजले: डावीकडे सात, उजवीकडे सहा.
दिवस बुडाला असेल, किंवा चुना संपला असेल.
नकाशात सूर्य दाखवत नाहीत.

गूळ मार्केट यार्डात गेला त्याला किती वर्षं झाली.
तुळयांत मुरलेला तेवढा राहिला,
आणि मुंग्या, ज्यांना पत्ता बदलल्याचं
कुणी कळवलं नाही.

पुढची रुंदी एकवीस फूट.
मागची वीस फूट तीन इंच.
"मामा, टेप ढिला पडला का?"
मामा काही बोलत नाहीत. पुन्हा धरतात.
वीस, तीन.
तिसऱ्यांदा मी गुडघ्यावर बसून
दिवाणाखालून, ट्रंकांमागून टेप सरकवते.
वीस, तीन.
दाराच्या पुढे नऊ फुटांवर
उत्तरेची भिंत आत वळते
आणि परसापर्यंत तशीच जाते,
बोळात समोरून डोईवर घागर घेतलेली बाई आली
की आपण अंग चोरतो, तशी.

वहिनींनी ऐकलेलं असं:
शेजारी कासारांचं घर, दोन फुटांचा बोळ,
बोळाकडे त्यांच्या चुलीची खिडकी.
पाया खणताना कासारांची सून
राखेचं सूप घेऊन येऊन उभी राहिली नुसती.
आजेसासऱ्यांनी गवंड्याला सांगितलं, "आत घे."
कागद नाही, साक्षीदार नाही.

मामांचं म्हणणं निराळं:
"दोरी सरकली आसंल. आमची बी माणसंच."

कासार कधीच गेले.
आता तिथं सहा मजले, बोळ त्यांच्या पार्किंगात,
आणि मगदूमांनी सोडलेल्या नऊ इंचांत
एसीचं पाणी ठिबकतंय
एका पिंपळाच्या रोपावर.

बिल्डरच्या माणसानं मोबाईलवर गुणाकार केला.
तेहतीस फूट गुणिले पाऊण.
"पावणेपंचवीस चौरस फूट. एक बाथरूम निघतंय, मॅडम."
खरंच निघतंय. मीही केला होता गुणाकार,
त्याच्याआधी.

रात्री संगणकावर रेघ ओढताना
ती आपोआप सरळ होऊ बघते,
जवळच्या कोपऱ्याला जाऊन चिकटते.
ती सोय बंद करून मी भिंत होती तशी वळवली.
हद्दीची रेघ वेगळी, तुटक, लाल.
दोघींच्या मधे काय लिहायचं
यासाठी तक्त्यात रकाना नाही.
मी लिहिलं: मोकळी जागा, ०'-९".

त्या दुपारी निघताना
गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या आडव्या लावलेल्या,
आणि समोरून खांद्यावर सिलिंडर घेतलेला पोरगा.
मामा भिंतीला पाठ लावून उभे राहिले.
तो गेला.
मामांच्या शर्टाला शेवाळी चुन्याचा पट्टा.
झटकायला हात पुढे केला तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे. उद्या दुसरं घर हाय, तिथंबी लागंल."